गरम झालं की थांबेल

मिस्त्रीची व्हॅन जावयाच्या फाटकापाशी थांबली तेव्हा आतल्या शेडमध्ये गाडीचा स्टार्टर रडत होता. घुर्र, घुर्र, आणि मग नुसतं टिक. बॅटरीने मान टाकलीय, हे मिस्त्रीने रस्त्यावरूनच ओळखलं. चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाला एवढं कळायलाच हवं.

पण तो गाडीसाठी आला नव्हता, लेकीला न्यायला आला होता. काल संध्याकाळी तिचा फोन आला होता. "बाबा, उद्या येते. या वेळी परत पाठवू नका." आधी दोनदा त्याने तिला "जुळवून घे गं" म्हणत परत पाठवलं होतं, आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. या वेळी तो एवढंच म्हणाला, "ये." रात्री पारा शून्याखाली उतरला. पोरीला बसच्या थांब्यावर कुडकुडायला नको म्हणून सकाळी तो स्वतःच निघाला.

जावई गाडीतून उतरला. एवढ्या थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता.

"ती गेली, बाबा. पहिल्या बसने. तुमची चुकामूक झाली."

"मला एक फोन तरी करायचा."

"घाईत होती."

मिस्त्री हिरमुसला, पण क्षणभरच. लेक एव्हाना घरी पोचली असेल, आईजवळ चहा पीत बसली असेल. जावयाला सुनावायला आणलेले चार शब्द त्याने गिळून टाकले. पोरगी सुटली, आता तोंड कशाला विटाळायचं.

"तुम्ही कुठे निघालात?"

"डोंगरापलीकडे. जरा काम आहे."

"ही अशी नाही चालू व्हायची. थांबा, केबल लावतो."

"राहू द्या, मी बघतो."

"काय बघणार, जावईबापू? थंडीत बॅटरीचा जीव निम्मा होतो आणि इंजिनातलं तेल मधासारखं घट्ट. पाच मिनिटांचं काम आहे."

बंद गाडीसमोर खिशात हात घालून उभं राहणं मिस्त्रीच्या रक्तातच नव्हतं. लेकही तशीच. लहानपणी शाळेतून सुटली की थेट गॅरेजात. बारा-तेराचा पाना तिच्या हातातून सुटायचा नाही, म्हणून सगळे तिला बारातेराच म्हणायचे. गॅरेजचा कायदा एकच होता. आपण गाडीखाली आहोत आणि वर कुणी किल्ली फिरवली, तर पत्र्यावर ठोकायचं. दोनदा, थांबून एकदा. म्हणजे मी इथे आहे, चालू करू नको. बारातेराला हा कायदा इतका आवडला की घरी न्हाणीघराचं दार कुणी ढकललं तरी ती आतून तसंच ठोकायची.

मिस्त्रीने व्हॅन जवळ आणली, दोन्ही बॉनेट उघडली आणि केबल लावल्या. जावई डिकीला टेकून उभा होता.

"मागची काच आतूनही गोठलीय," मिस्त्री म्हणाला. "डिकीचं रबर गेलं असणार. ओल शिरते."

"असेल."

"आणि मागून बसलीय बघा. थंडीत टायरमधली हवा कमी होते. माझ्याकडे पंप आहे."

"नको. उशीर होतोय."

"बरं. फिरवा किल्ली."

जावई डिकी सोडून पुढे आला. किल्ली फिरली. घुर्र झालं, आणि त्यात कुठूनशी टकटक ऐकू आली. जावयाचा हात जागीच थिजला.

"फिरवा, फिरवा. घाबरताय काय?"

पुन्हा घुर्र. इंजिनाने धरलं, धडधडलं. टकटक थांबून थांबून सुरूच होती. जावयाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मिस्त्रीला हसू आलं. माणसाला बायको सांभाळता येत नाही, आणि गाडीच्या आवाजाला घाबरतो.

"जुन्या गाड्या वाजतातच," तो समजुतीने म्हणाला. "रात्रभरात तेल खाली उतरतं, वरचे भाग कोरडे पडतात. थंड इंजिन आहे, दुसरं काही नाही."

जावयाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"गरम झालं की थांबेल?"

"थांबणारच."

जावयाने रेडिओ मोठा केला आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला. एवढी रेस देऊ नका, असं मिस्त्रीने दोनदा सांगितलं, पण त्याला ते ऐकू गेलं नसावं. धुराने शेड भरली. हळूहळू टकटक मंदावली. मग थांबली.

"बघा," मिस्त्री खुशीत म्हणाला. "मी काय म्हटलं?"

केबल गुंडाळताना त्याने नेहमीचे चार सल्लेही दिले. रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा आहे, ब्रेक हळू दाबा. आणि अर्धा तास तरी इंजिन बंद करू नका, मध्ये कुठेही थांबू नका.

"नाही थांबत," जावई म्हणाला, आणि गेला.

घरी यायला मिस्त्रीला पाऊण तास लागला. वाटभर तो शीळ घालत होता. लेकीची जुनी खोली झाडून ठेवली होती, तिचा बारा-तेराचा पाना पुसून खिडकीत ठेवला होता. ती तो बघून हसेल, असं त्याला वाटत होतं.

बायको दारातच उभी होती. तिने त्याच्या मागे, रिकाम्या व्हॅनकडे पाहिलं.

"अहो, ती कुठाय?"

"कुठाय म्हणजे? पहिल्या बसने आली ना?"

"कुठली बस? आज एकही सुटली नाही. डिझेल गोठलंय म्हणे. शेजारचे थांब्यावरून परत आले."

मिस्त्री पायरीवरच थांबला. कोरडं इंजिन शिलाईच्या मशीनसारखं एकसारखं वाजतं, मध्ये थांबत नाही. चाळीस वर्षांत हे त्याने किती जणांना शिकवलं होतं.

त्याच्या हातातली व्हॅनची किल्ली दाराच्या चौकटीवर आपोआप वाजली. दोनदा. थांबून एकदा.