परकी तहान

"मला तहान लागली," म्हणत सिस्टर मार्था उठली. पाणी मात्र ती प्यायली नाही. तिने बेशुद्ध अनंतरावांची सलाईन जराशी वाढवली. त्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं, की त्यांच्या शरीराशी जोडलेल्या तिच्या मनगटावरच्या पट्टीमुळे कोरड तिच्या घशाला पडायची.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, शरयूकाकूंच्या, अंगाचा तिळपापड झाला. "मला काय? ह्यांना लागली म्हणा!"

अनंतरावांनी घरात कधी पाणी मागितलंच नव्हतं. ते चपला काढेपर्यंत काकूंचा तांब्या पुढे यायचा. आणि आता त्यांच्या तहानेनं एका परक्या बाईचा घसा सुकत होता.

"ती पट्टी मला बांधा."

"काकू, ते शिकावं लागतं."

"ह्यांची तहान तुम्ही मला शिकवणार?"

मार्थाने वाद घातला नाही. खणातली दुसरी पट्टी काढून तिने काकूंच्या मनगटावर बांधली. काकू डोळे मिटून ताठ बसल्या. थोड्याच वेळात त्यांची जीभ टाळूला चिकटली.

"मला तहान लागली!" त्या विजयाने म्हणाल्या. "वाढवा सलाईन!"

मार्थाने स्वतःच्या गळ्याला हात लावला. "माझा घसा ओला आहे, काकू. आणि तुमची पट्टी मी अजून चालूच केलेली नाही." तिने त्यांच्या हातात ग्लास दिला. "ही तहान तुमची स्वतःची आहे. सकाळपासून पाण्याचा घोट तरी घेतलात का?"

काकूंनी ग्लास एका दमात रिकामा केला आणि मनगट पुढे धरलं.

"आता करा चालू."