आकाशातली वहिवाट

"पुणे ते उलानबातर ही वाट आमची आहे," वकील तावरे तावातावानं म्हणाले. "आमच्या कंपनीची विमानं वीस वर्षं तिथूनच जातात. मामलेदार शेतातल्या रस्त्याची वहिवाट मोडू देत नाही, मग आकाशातली का मोडायची? नव्या कंपनीला परवानगी देऊ नका!"

नव्या कंपनीच्या वकील काणेकर खोचकपणे हसल्या. "वहिवाटच धरायची, तर दुसऱ्या हरकतदारालाही विचारा की."

सुनावणी अधिकारी हेमांगी बर्वे यांनी भिंतीवरचा पडदा सुरू केला. जायकवाडीच्या पाण्यात पट्टकादंब हंसांचा थवा पोहत होता. हिमालय ओलांडून ते दर हिवाळ्यात याच वाटेनं मंगोलियातून इथे येत. पक्ष्यांची बोली उलगडणारं यंत्र निघाल्यापासून हवाईमार्गाच्या सुनावणीत त्यांनाही हरकतीचा हक्क मिळाला होता. पण आजवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

बर्वेबाईंनाच आता राहवेना. "ही वाट तुम्ही कधीपासून वापरता?"

एका म्हाताऱ्या मादीनं मान वर केली. यंत्र जरा अडखळलं, मग बोललं, "मला आईनं दाखवली, तिला तिच्या आईनं. आमच्यातली पहिली गेली, तेव्हा मधे डोंगर नव्हता."

"डोंगर म्हणजे... हिमालय?" तावरे मटकन खाली बसले. काणेकरांचं हसू कधीच मावळलं होतं.

"तो वाढत गेला, तशा आम्ही उंच उडत गेलो," मादी म्हणाली. "तेव्हा आमची हरकत ऐकायला कुणी नव्हतं. आता आहे का?"