हिमांशूची कारणं

अबे, मधात बोलू नको, फक्त ऐक. नवेगाव बांधचा हिमांशू बॉक्सिंगमध्ये लागोपाठ तीनदा हरला, अन् तिन्ही वेळा त्याच्यापाशी कारण तयार! भंडाऱ्यात डाव्या बाजूचा लाइट डोळ्यावर येत होता, तिरोड्यात हेडगार्ड डाव्या डोळ्यावर सरकला, गोंदियात तर म्हणे रेफरीच डावीकडून आडवा आला. त्याची लहान बहीण गुंजन हसून हसून लोळायची, "दादा, या बारीले आपली म्हैस आडवी येईन का रे?"

परवा सकाळी ती चहा घेऊन त्याच्या डाव्या बाजूले उभी होती, अगदी हाताशी. अन् हा घराकडे तोंड करून ओरडला, "आई वं, गुंजी चहा आणून राहिली का झोपली?"

तिच्या हातातला चहा सांडला. "दादा, डाव्या डोळ्यानं कधीपासून दिसत नाही तुले?"

तो हळूच म्हणाला, "डॉक्टरले दाखवलं तर खेळ बंद करतीन. रविवारी शेवटची निवड आहे, गुंजे. तू रिंगपाशी उभी राहा. डावीकडून ठोसा येताना दिसला का जोरात 'दादा' म्हणून ओरड."

रविवारी गुंजन रिंगपाशी उभी होती. समोरच्याचा ठोसा डावीकडून निघाला, तिले दिसला. ओरडली तर दादा वाचणार, जिंकणार, अन् तसाच आंधळा खेळत राहणार. नाही ओरडली तर ठोसा सरळ त्याच डोळ्यावर.

सांग ना, तिच्या जागी तू काय केलं असतं?