ओल्या तोंडाला लावायचं

उज्वला लातूरहून गावी पोचली तेव्हा तिच्या आई, केवळाबाई, अंगणात बाजेवर उन्हाला बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात जुन्या लुगड्याच्या धडप्यानं सैलसर बांधलेले होते.

"मीच बांधले," अयोध्यावहिनी म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही. "खाजवून खाजवून रगत काढत्यात. तोंड धुऊ देत न्हाईत, तेल लावू देत न्हाईत. जवळ गेलं की वरडत्यात. मी तरी काय करू, वन्सं?"

आईला न्हाऊ घालणारी, भरवणारी वहिनीच होती. ती स्वतः सुट्टीला यायची आणि जायची.

ती बाजेवर टेकली. पौषातल्या वाऱ्यानं आईचं तोंड पार सुकून गेलं होतं. गालांवर कातडीचे पांढरे पापुद्रे सुटले होते आणि त्यांच्यामध्ये नखांचे ओरखडे. केवळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पाहुणी म्हणून आलेल्या बाईकडे पाहावं तसं. घरातली माणसं त्यांना आता ओळखू येत नसत.

उज्वलानं पर्समधून काचेची लहानशी बाटली काढली.

"काय हाय त्यात?" वहिनीनं विचारलं.

"हायलुरॉनिक ॲसिड."

"ॲसिड?" वहिनी दोन पावलं पुढं आली. "तोंडाला?"

"नावालाच ॲसिड हाय, वहिनी. कातडीत पाणी धरून ठेवतंय ते. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलंय. फक्त ओल्या तोंडाला लावायचं. कोरड्याला लावलं तर कातडीतलंच पाणी वढून घेतंय. अन् वरून हे मलम."

"ओलं कसं करणार पण? पाणी दिसलं की अंग चोरत्यात."

उज्वलानं आधी धडपा सोडला. वहिनी बाजेजवळून हलली नाही.

कोमट पाण्याचा तांब्या मांडीशी ठेवून उज्वलानं स्वतःची बोटं भिजवली. आईच्या तोंडाकडे हात नेला नाही. तिच्या तळव्यावर ओला हात ठेवून ती नुसती बसून राहिली. मग मनगट. मग कोपर. केवळाबाई आपल्या हातावरच्या पाण्याकडे पाहत होत्या. उन्हात ते चमकत होतं, आणि वाळत होतं, आणि पुन्हा चमकत होतं.

ओली बोटं हनुवटीला लागली तेव्हा त्यांचं अंग ताठ झालं. नखं वाढलेला हात वर आला. वहिनी तो धरायला वाकली.

"राहू द्या," उज्वला हळूच म्हणाली.

हात तसाच हवेत राहिला. कुंपणापलीकडे तुरीच्या वाळल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. केवळाबाईंनी डोळे मिटले. हात मांडीवर उतरला.

"अव्वा," त्या म्हणाल्या.

उज्वलाची बोटं थबकली. अव्वा म्हणजे आई. केवळाबाईंचं माहेर औरादच्या बाजूला, हद्दीपलीकडे कर्नाटकात. तिथं घरात कानडीच बोलायचे. पण लग्न होऊन आल्यापासून या अंगणात तो शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

"नीरु," त्या पुन्हा म्हणाल्या. पाणी. आवाज लहान पोरीचा होता.

"हाव," उज्वला म्हणाली. "पाणीच हाय."

तिनं सगळा चेहरा ओला केला. मग बाटलीतले थेंब बोटांवर घेऊन, ओरखडे सोडून, गालावर, कपाळावर हलके टेकवले. पापुद्रे दबले. सुरकुत्या पाणी प्यायल्यासारख्या मऊ झाल्या. आणि केवळाबाई बोलू लागल्या. डोळे मिटलेलेच होते, आणि कानडी न अडखळता येत होती. उज्वलाला सगळं कळत नव्हतं. लहानपणी आजोळी ऐकलेले शब्द मधेच ओळखीचे वाटत. बावी, म्हणजे विहीर. म्हशीचं नाव. कुणा बसम्माला मारलेली हाक. अंगणातलं ऊन हळूहळू त्या गावचं होत गेलं.

वहिनी पायरीवर बसली.

"येवढं बोलत्यात?" ती म्हणाली. "माझ्यासंगं एक शबुद न्हाई."

"तुम्हीच लावा आता," उज्वलानं बाटली तिच्यापुढं धरली. "उद्या मी नसणार."

"मला वळखतील का?"

"मला तरी कुठं वळखलं?"

वहिनीनं पदराला हात पुसले, मग आठवून ते तांब्यात बुडवले. तिची बोटं कामानं राठ झालेली होती. तिनं ती कपाळावर हलकेच टेकवली. केवळाबाईंनी मान मागं टाकली.

"इन्न स्वल्प, अव्वा."

"काय म्हणत्यात?"

"अजून थोडं, म्हणतीया."

वहिनीनं मान खाली घातली आणि अजून थोडं लावलं. मग मलम लावलं. मानेवर ओघळलेलं पाणी तिनं त्याच धडप्यानं टिपलं आणि धडपा दोरीवर वाळत टाकला.

ऊन बाजेवरून सरकलं होतं. केवळाबाईंनी डोळे उघडले. समोरच्या बाईचं तोंड त्या बराच वेळ निरखत राहिल्या. एसटीच्या खिडकीतल्या वाऱ्यानं उज्वलाचे ओठ फुटले होते, गाल राखट झाले होते. केवळाबाईंनी तांब्यात बोटं बुडवली आणि तिच्या गालावर ठेवली. मग दुसऱ्या गालावर.

"लई कोरडं पडलंय की गं," त्या मराठीत म्हणाल्या. "तुझ्या आईनं कधी लावलं न्हाई का?"

उज्वलानं डोळे मिटून घेतले.

"लावतीया की आत्ता," ती म्हणाली.