परेरा सरांची लकब

दिवसभर शाळेत शिकवून दमलेली हेमांगी हातमोजे चढवून पियानोपाशी बसली. मोबाइलवर मिनिटभराचा धडा सुरू झाला. परेरा सर जॅझ वाजवू लागले आणि हातमोजे तेच तिच्या बोटांकडून वाजवून घेऊ लागले. शेवटी, नेहमीसारखाच, सरांबरोबर तिचाही डावा हात उजवं मनगट चोळू लागला. सरांची ही लकब विद्यार्थी मैफिलीतसुद्धा हौसेने मिरवत.

आज मात्र फळ्यावर लिहून तिचंही मनगट ठणकत होतं. ही लकब कसली, हे तर दुखणं!

तिने धडे पुरवणाऱ्या कंपनीला कळवलं, "सरांना जरा विश्रांती द्या हो."

"तक्रारीची दखल घेतली आहे," उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी धड्याला नवे सर होते. मनगट चोळलं गेलं नाही. हेमांगीने हातमोजे काढले आणि स्वतःच चोळत बसली.