शर्यतीचा दगड

साखरा ते पुसेगाव या कच्च्या रस्त्यावर जागीरदार साहेब आणि त्यांचे दोस्त दर हिवाळ्यात मोटारींची शर्यत लावायचे. एका वर्षी तांड्यावरचा हिरासिंग एका वळणावर रस्त्यात घुसलेली बैलं हाकलायला धावला आणि साहेबांच्या मोटारीखाली गेला. मोटार थांबली नाही. शर्यत साहेबांनीच जिंकली.

पुढं शर्यती बंद पडल्या, तेव्हा आठवण म्हणून साहेबांनी त्याच वळणावर दगड बसवला. त्यावर उर्दूत स्वतःचं आणि मोटारीचं नाव कोरून घेतलं. तांड्यात ते वाचणारं कुणी नव्हतं. पण माणूस वाटेत गेला की तिथं दगड मांडायची तांड्याची रीत होती. हिरासिंगची बायको भिकाबाई दर अमावास्येला त्या दगडाला शेंदूर लावू लागली.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, तसे साहेब गाशा गुंडाळून हैदराबादला निघाले आणि जाताना दगड न्यायला वळणावर थांबले. ड्रायव्हरनं पहार काढली, तशी भिकाबाई धावत आली. तिनं साहेबांच्या पायावर डोकं ठेवलं.

"माझ्या लेकराच्या बापाचा दगड तुमी सोता बसवला, साहेब. आमच्यासाठी एवढं कोण करतंय? एक अमावस्या चुकवली न्हाई मी. आता याहून चांगल्या जागी बसवून राहिले काय?"

 साहेब ड्रायव्हरकडे वळले.



"आधी शेंदूर खरवड. माझं नाव शाबूत आहे का बघ."