दहापैकी सात

एकोणीसशे ब्याण्णव सालची गोष्ट. परवाना कार्यालयाने तेव्हा नवंच धोरण घेतलं होतं. म्हाताऱ्यांचा गाडीचा परवाना काढून घ्यायचा नाही, पत्र पाठवून नुसतं मन वळवायचं. कायद्याला जबरदस्ती चालत नव्हती, पत्र चालत होतं. अट एकच, पत्रातलं वाक्य खरं हवं.

मसुदा लिहिणारी बाई दमलेली होती. तिच्या वडिलांना डावीकडचं दिसेनासं झालं होतं. वर्षात त्यांनी दोनदा फाटक तोडलं. किल्ली लपवली की अबोला धरायचे. म्हणून पहिला प्रयोग तिने आपल्याच कॉलनीत लावला. पंचाहत्तरीपुढचे परवानेवाले तिथे दहा. तिने लिहिलं, ‘यंदा तुमच्या कॉलनीतले दहापैकी सात जण परवाना आपणहून परत करत आहेत.’ आकडा मनचा. सही तिची.

वडिलांनी पत्र भिंग लावून वाचलं.

“चिमणे, हे सात कोण गं?”

“ऑफिसची माहिती आहे, बाबा. सांगता येत नाही.”

“मी सोडून बाकी नऊ. नवांनाही गाडी मीच शिकवलीय. काल सगळे गाड्या घेऊनच आले होते पत्ते कुटायला.”

“जेवा आता.”

“थाप मारायची तर जरा बेताची मारावी माणसाने.”

आठवड्यात कोणीतरी तक्रार केली. कायदे विभागाच्या साहेबांनी तिला बोलावलं. ऑफिसात त्यांना कायदेबुवा म्हणत.

“वर्षअखेर नोंदवही पाहीन, बाई. आकडा खोटा निघाला तर नोकरी गेली. मला हौस नाही, पण इलाजही नाही.”

घरी तिने एवढंच सांगितलं, “बाबा, माझ्या नोकरीचं काही खरं नाही.” वडिलांनी पत्र पुन्हा भिंगाखाली धरलं.

डिसेंबर संपताना कायदेबुवांनी नोंदवहीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

“सात. पहिलं नाव तुमच्या वडिलांचं.” त्यांनी चष्मा पुसला. “कमाल आहे हो तुमच्या वाक्याची!”

त्या वाक्यावर बाई पुढे उपसंचालक झाली. कायदेबुवा निवृत्त होऊन बागेत रमले. तशीच पत्रं गावोगावी गेली, पण दहात दोनाच्या वर कुठेच कोणी हललं नाही. का, ते कुणाला कळलं नाही.

सहा वर्षांनी वडील अंथरुणातच शांतपणे गेले. भेटायला त्यांचा एक जुना विद्यार्थी आला, तोही ब्याऐंशीचा.

“मास्तर तेव्हा दारोदार फिरले होते, पायी,” तो म्हणाला. “म्हणायचे, एक मी झालो, आता सहा जण द्या. पोरीचं वाक्य खरं करायचंय.”